गळ्याशी गेलेला हात

विल्सन फर्नांडिसचा कान मालवणात प्रसिद्ध होता. जुनी टू-स्ट्रोक गाडी गल्लीच्या तोंडाशी आली की हा बाबा गॅरेजात बसल्या बसल्या सांगायचा, पेट्रोल जास्त पितेय, प्लग काळा झालाय, घेऊन ये आत. लोक तोंडात बोटं घालायचे. गोव्यातून, कोल्हापुरातून पोरं गाड्या घेऊन यायची ती या कानासाठी. यातलं सगळं खरं होतं, फक्त काही वर्षांपूर्वीपर्यंत. सायलेन्सरशेजारी उभं आयुष्य काढलं की कान कुठवर साथ देणार? विल्सनचे कान गेले होते. अगदी ठार नाही, पण गेले होते. तेव्हापासून गॅरेजातला कान जुलियानाचा होता, त्याच्या बायकोचा, आणि ही गोष्ट नवरा-बायकोखेरीज कुणालाही ठाऊक नव्हती. निदान जुलियानाची तशी समजूत होती.

त्यांची रीत साधी होती. कार्बोरेटरच्या कुशीला एक पितळी स्क्रू असतो. तो सैल केला की इंजिनात हवा जास्त जाते, आवळला की हवा कमी आणि पेट्रोल जास्त. विल्सन गाडी चालू ठेवून, मान वाकडी करून, डोळे अर्धे मिटून स्क्रू फिरवायचा. बघणाऱ्याला वाटावं, किती मन लावून ऐकतोय! प्रत्यक्षात त्या अर्ध्या मिटल्या डोळ्यांनी तो जुलियानाकडे बघत असायचा. ती घराच्या दारात उभी. आवाज नेमका जागेवर आला की ती गळ्यातल्या साखळीचा क्रूस बोटांत धरायची. क्रूस धरला की स्क्रू थांबला. क्रिस्तांवाची बाई गळ्यातल्या क्रूसाला हात लावते यात कुणाला काय वावगं दिसणार?

बरं, दुसरा कुणी असता तर स्क्रूचे आटे मोजले असते, पूर्ण आवळून दीड आटा सैल, संपला विषय. पण विल्सनला ते मुळीच खपायचं नाही. "मोजायचं तर मी रोजरीचे मणी मोजीन," तो गिऱ्हाइकांना ऐकवायचा. "आटे मोजणारो बहिरो असता." हे वाक्य कान गेल्यावरही तो बेधडक म्हणायचा आणि जुलियाना दारात उभी राहून ते गिळायची.

तर त्या जानेवारीतल्या रविवारी सगळी वरात आंबोलीला निघाली होती. कोल्हापूरच्या टू-स्ट्रोकवाल्या मंडळींचा वर मेळावा होता. कोकणात लावून घेतलेल्या आमच्या गाड्या घाटावर आल्या की का गुदमरतात ते दाखवा, म्हणून त्यांनी विल्सनला मानाने बोलावलं होतं. घरची गाडी घेऊन ब्रॅंडन पुढे गेला होता. ब्रॅंडन म्हणजे त्यांचा एकुलता मुलगा, तारकर्लीला पर्यटकांना समुद्राखाली घेऊन जायचं काम करणारा, आईबापांपेक्षा कमी बोलणारा. मागून शेजारच्या गुरुदासच्या व्हॅनमध्ये हत्यारांची पेटी, विल्सन आणि जुलियाना. गुरुदास मालवणात भाडी मारायचा. तोंडाने अखंड चालू, गाडीने मात्र सावकाश.

घाटाच्या पायथ्याशी, दाणोलीत, गुरुदास चहासाठी उतरला तेवढ्यात जुलियानाने विषय काढला.

"विल्सन, कुडाळच्या कानाच्या डॉक्टराकडे मी नंबर लावतंय."

"काय?"

"कानाच्या डॉक्टराकडे!"

"माझ्या कानांक काय धाड भरली हा?" विल्सन उसळला. "मशीन लावून बसू गॅरेजात? लोक हसतीत. माझो धंदो म्हणजे माझो कान गो."

"तुझो कान म्हणजे मी. आणि मी आज हात लावूचंय नाय, सांगून ठेवतंय. बगूया काय करतंस ता."

विल्सनने खिडकीकडे तोंड फिरवलं. जुलियानानेही फिरवलं. गुरुदास तीन कप घेऊन आला, दोघांच्या तोंडांकडे बघितलं आणि आयुष्यात पहिल्यांदा गप्प बसून घाट चढला.

वर कडाका होता. मालवणच्या माणसाला थंडी म्हणजे पहाटे अंगावर ओढायची चादर. आंबोलीत त्या सकाळी धुकं गुडघ्याएवढं खाली उतरलेलं, बोलताना तोंडातून वाफ निघत होती. जुलियानाने घरातून निघताना शाल घेतली होती ती केवळ नर्मदाबाईंनी, म्हणजे गुरुदासच्या आईने, बळेच हातात कोंबली म्हणून. तिने ती डोक्यावरून घेऊन अंगाभोवती घट्ट गुंडाळली. गळ्यातली साखळी, क्रूस, सगळं शालीच्या आत गेलं. याकडे तिचं लक्षही गेलं नाही, दात वाजत होते.

ब्रॅंडन आधीच पोचला होता. शेवटच्या चढाला गाडी धूर ओकत, अडखळत आली, असं त्याने सांगितलं. कोल्हापूरकर गोळा झाले आणि विल्सन रंगात आला.

"खाली समुद्राकडे हवा जाड. हयसर पातळ. पेट्रोल मात्र तेवढाच येता. म्हणजे आमटीत पाणी तेवढाच, पण डाळ कमी, समजला? म्हणून इंजिन गुदमरता. मगे हवा वाढवची." त्याने प्लग काढून सगळ्यांना फिरवून दाखवला, काळाकुट्ट. "ह्यो करपललो. वाटपाचा खोबरा आमची बायल भाजता बगा, तसो तांबूस रंग होयो. पांढरो रवलो तर कच्चो, म्हणजे पेट्रोल कमी. ता सगळ्यात वायट. काळ्या प्लगान गाडी नुसती रडता, पांढऱ्यान मरता."

त्याने स्क्रू सैल केला. जुलियाना सात-आठ पावलांवर उभी होती. हात लावणार नाही म्हणाली होती खरी, पण चार परके पुरुष नवऱ्याच्या तोंडाकडे बघताहेत आणि तो डोळे अर्धे मिटून, वेड्यासारखा, तिच्याकडे बघतोय, हे तिच्याने बघवेना. तिने शालीतून हात बाहेर काढला, क्रूस चाचपून वर ओढला आणि धरला. स्क्रू थांबला. गाडी खणखणीत वाजू लागली. "मानलं मामा तुम्हाला, कान हाय का काय!" एक कोल्हापूरकर म्हणाला. विल्सनची छाती फुगली. जुलियानाला इतका राग आला, की तिने क्रूस परत शालीत टाकला आणि पाठ फिरवून लांब टपरीकडे जाऊन उभी राहिली.

मग इतरांच्या गाड्या झाल्या. त्या पोरांनी आपापल्या आपणच लावल्या, आटे मोजून. ते बघून विल्सन नुसता हसला.

एवढ्यात ब्रॅंडन निघायची घाई करू लागला. दुपारची बोट होती, पर्यटक यायचे होते. "पप्पा, माझी खालच्यासाठी परत लावून दी."

हे महत्त्वाचं होतं आणि विल्सनला ते पक्कं ठाऊक होतं. वरच्या पातळ हवेसाठी सैल केलेला स्क्रू तसाच ठेवून घाट उतरलं, तर खालच्या जाड हवेत पेट्रोल कमी पडणार. त्यात उतारावर अ‍ॅक्सिलेटर बंद असतो. तेव्हा इंजिनाला जे काही थेंबभर मिळतं ते याच स्क्रूच्या वाटेने. आणि या गाडीचा ऑइल पंप विल्सनने कधीच काढून टाकला होता, ऑइल थेट पेट्रोलच्या टाकीत घालायचा. म्हणजे पेट्रोल नाही तर ऑइल नाही. ऑइल नाही तर पिस्टन कोरडं, आणि कोरडं पिस्टन तापून सिलिंडरला धरलं की मागचं चाक जागच्या जागी अडकतं. सपाट रस्त्यावर माणूस आपटतो. घाटातल्या वळणावर कुठे जातो ते सांगायला नको.

विल्सनने गाडी चालू केली, मान वाकडी केली, नेहमीप्रमाणे स्क्रू आधी आणखी सैल सोडला आणि मग आवळायला सुरुवात केली. डोळे टपरीकडे.

जुलियाना त्याच्याकडे बघतच नव्हती. दरीतून वारं आलं, ओलं, बोचरं, थेट मानेतून आत शिरणारं. अंगावर शहारा आला आणि तिने शालीची दोन्ही टोकं गळ्याशी एका मुठीत घट्ट आवळून धरली.

विल्सनने स्क्रू थांबवला.

ब्रॅंडनने एकदा आईकडे बघितलं, एकदा बापाकडे. काहीतरी बोलायला म्हणून त्याचे ओठ हलले, मग मिटले. त्याने हेल्मेट चढवलं, हात केला आणि निघाला.

गाडीने वेग घेतला तोवर जुलियाना एक हात चहाच्या कपाला शेकत होती. पुढे पहिलं वळण आलं, ब्रॅंडनने अ‍ॅक्सिलेटर सोडला. आणि आवाज खाली बसला नाही. बसायला हवा होता. मूठ सोडली की आवाज पायरी पायरीने उतरून गुरगुरत जागेवर बसतो. हा वरच लटकून राहिला, किनरा, सुका, आणि तसाच धुक्यात गेला.

जुलियानाने कप टपरीवर ठेवला. हा आवाज तिला नीट माहीत होता. पेट्रोल कमी, हवा जास्त. कसं शक्य आहे? तिने क्रूस तर धरलाच नव्हता. मग तिचं लक्ष आपल्या मुठीकडे गेलं. दुसऱ्या हाताची मूठ अजून गळ्याशी होती, शाल धरून.

"जेजू सायबा!" ती धावत विल्सनपाशी गेली. तो कोल्हापूरकरांच्या घोळक्यात मधोमध उभा होता. तिने त्याचा दंड धरला आणि कानाशी जाऊन हळू आवाजात म्हणाली, "स्क्रू कमी आवळलो गेलो. ब्रॅंडनाक थांबवूक होया."

"काय?" विल्सन म्हणाला.

ती परत बोलली, जरा मोठ्याने.

"काय म्हणतंस?" तो हसत हसत घोळक्याकडे बघत म्हणाला. "थंडीन आवाज गेलो काय गो तुझो?"

सगळे हसले. आणि जुलियाना गप्प उभी राहिली. दोन क्षण, फार तर तीन. पण ते क्षण ती पुढे जन्मभर विसरणार नव्हती. बहिऱ्या माणसाला सांगायचं तर ओरडावं लागतं, आणि इथे ओरडायचं म्हणजे इतकी वर्षं झाकलेलं सगळं या माणसांपुढे उघडं टाकायचं. तिकडे पोरगा वळणं उतरत होता आणि ही इथे नवऱ्याची अब्रू सांभाळत उभी! तिला स्वतःचीच किळस आली.

"तुका ऐकाक येणा नाय!" ती अशी किंचाळली, की टपरीवरचा माणूस बाहेर आला. "तुका ऐकाक येणा नाय म्हणून मी क्रूस धरतंय! आणि आता मी धरूकच नव्हतंय! थंडी वाजली म्हणून शाल धरलंय रे! गाडी सुकी गेली! माझो झील सुक्या गाडीर गेलो!"

विल्सनचा चेहरा उतरला. पहिलं वाक्य त्याला ऐकू आलं होतं की तिच्या ओठांवरून कळलं होतं, कुणास ठाऊक. त्याने एकदा भोवतीच्या माणसांकडे बघितलं. मग तो व्हॅनकडे धावत सुटला.

"गुरुदास! गाडी काड!"

गुरुदासने गाडी काढली. एका कोल्हापूरकराने आपली बाईक चालू केली होती, पण ती थंडीत घेईना, नुसती खोकत राहिली. त्याच्यासाठी कोण थांबणार? जुलियाना फोन लावत होती. "आपण संपर्क करू इच्छिता ती व्यक्ती…" तिने फोन सीटवर आपटला. लागला असता तरी हेल्मेटमध्ये त्याला काय ऐकू येणार होतं?

"बेगीन चलय रे, गुरुदास!"

"वयनी, धुक्यात फुडचा दिसणा नाय."

"तुका दिसणा नाय, हेका ऐकाक येणा नाय, तुमी सगळे मिळान माझ्या पोराक मारा!"

गुरुदासने अ‍ॅक्सिलेटरवर पाय दाबला. जुलियानाने खिडकीची काच खाली केली आणि डोकं बाहेर काढलं. थंड वारं तोंडावर सपासप बसत होतं. आंबोलीचा घाट असा, की खालची वळणं दिसली नाहीत तरी त्यांचा आवाज वर येतो. तिने डोळे मिटले. कुठेतरी ट्रक गुरगुरत होता. माकडं ओरडत होती. आणि त्या सगळ्याच्या खालून, लांब, ओळखीचा किनरा सूर.

"आसा," ती म्हणाली. "चालू आसा अजून."

"काय म्हणता?" विल्सनने गुरुदासला विचारलं.

"चालू आसा म्हणता!" गुरुदास ओरडला. ओरडून सांगायचं असतं हे त्याला एका मिनिटात समजलं होतं, आणि तेवढ्या एका मिनिटात विल्सनने ते सोसलंही होतं. तो पुढच्या सीटवर दोन्ही हात डॅशबोर्डवर टेकून बसला होता. स्क्रूड्रायव्हर अजून मुठीत होता.

वळण गेलं. दुसरं गेलं. तिसऱ्यावर बेळगावकडून भाजी घेऊन उतरणारा ट्रक, रस्ताभर पसरलेला. गुरुदासने हॉर्नवर हात ठेवला तो काढलाच नाही. ट्रकवाल्याला बाजू द्यायला जागाच नव्हती. डावीकडे कठडा, उजवीकडे डोंगराची भिंत आणि पाण्याची गटार.

"वाजय! वाजय!" विल्सन ओरडत होता. जणू हॉर्न वाजतोय की नाही हेही त्याला कळत नव्हतं. कदाचित खरंच नव्हतं कळत.

जुलियाना बाहेर कान लावून होती. ट्रकच्या आवाजाखालून तो सूर शोधायचा म्हणजे बाजारात एका पोराचं रडणं शोधायचं. सापडायचा, निसटायचा. प्रत्येक वळणाला तो सूर वर जायचा आणि तिथेच लटकायचा, खाली बसायचाच नाही. बस खाली, ती मनात म्हणत होती. बस रे बाबा, एकदा तरी खाली बस. सायबिणीला, म्हणजे देवमातेला, तिने काय काय कबूल केलं, चर्चच्या कुठल्या फेस्ताला किती मेणबत्त्या, ते तिचं तिलाच आठवणार नव्हतं. मग सूर आणखी किनरा झाला, इतका की तिचे दात शिवशिवले.

आणि तुटला.

हळूहळू विझला नाही. अर्ध्यात तुटला, आणि त्यामागून टायर रस्त्यावर घासल्याचा एक लांब आवाज आला. मग काहीच नाही. माकडंसुद्धा गप्प.

तिने डोकं आत घेतलं. विल्सन तिच्या तोंडाकडे बघत होता. आयुष्यभर तो तिच्या हाताकडे बघत आला होता, तोंडाकडे बघायची त्याला सवय नव्हती. त्याच्या हातातला स्क्रूड्रायव्हर खाली पडला आणि तो उचलायलाही तो वाकला नाही.

पुढचं वळण यायला किती वेळ लागला, कोण सांगणार! ट्रक आधी वळला आणि वळता वळता थांबला. ट्रकवाला उडी मारून खाली उतरलेला दिसला. गुरुदासने ब्रेक मारला तोवर जुलियाना दार उघडून रस्त्यावर होती. पायातली एक चप्पल कुठे गेली तिला कळलं नाही.

गाडी कठड्याला टेकून आडवी पडली होती. हँडल वाकडं, आरसा फुटलेला, मागच्या टायरची काळी रेघ रस्त्यावर नागमोडी उमटलेली. आणि कठड्याच्या अलीकडे, हातभर अलीकडे, ब्रॅंडन बसला होता. हेल्मेट काढून मांडीवर घेतलेलं. एका तळव्याची साल निघाली होती, गुडघ्यावर पॅंट फाटून रक्त येत होतं. तो जिवंत होता. बसला होता आणि जिवंत होता.

जुलियानाने त्याचं डोकं पोटाशी धरलं आणि रडत रडत त्याच्या पाठीत दोन धपाटे घातले.

"क्लच दाबलंय मी," तो तिच्या शालीत तोंड असतानाच म्हणाला. "उतारभर दोन बोटां क्लचारच ठेवललंय. पिस्टन धरला तसा दाबलंय, चाक सुटला. नायतर…"

"दोन बोटां कित्याक? तुका काय ठावक होता?"

तिने त्याची हनुवटी वर उचलली.

"क्रूस शालीच्या आत होतो, मम्मी," तो म्हणाला. "आणि तू शाल धरललंस. माका तेवाच समाजला."

म्हणजे याला ठाऊक होतं. क्रूसाचं, कानाचं, सगळंच. किती वर्षं?

"मगे थंयच बोलाक काय झाला होता तुका, मेल्या?"

"चार माणसांत पप्पा उभो होतो." त्याने खांदे उडवले आणि दुखलं म्हणून तोंड वाकडं केलं. "म्हटलंय, वळणार जावन थांबतंय, आपणच आवळतंय. तर मागे हो ट्रक. थांबूक जागाच गावाक नाय."

म्हणजे तिने झाकलं नवऱ्यासाठी आणि त्याने झाकलं बापासाठी, आणि दोघांचं मिळून झाकण कठड्यापासून हातभर अलीकडे येऊन थांबलं होतं. जुलियानाला हसावं की आणखी दोन धपाटे घालावेत ते कळेना.

मागे विल्सन उभा होता. मुलाचे ओठ हलताना त्याने बघितले होते, पण मुलगा हळू बोलला होता, नेहमीसारखा. त्याला एक अक्षर कळलं नव्हतं. तो पुढे आला, ब्रॅंडनच्या गुडघ्यापाशी उकिडवा बसला, पाय चाचपला, मनगट हलवून बघितलं, हाड शाबूत आहे याची खात्री केली. मग तो सरळ त्याच्या तोंडासमोर तोंड नेऊन म्हणाला, "काय म्हणालंस? परत सांग. मोठ्यान सांग. माका ऐकाक येणा नाय."

ट्रकवाला ऐकत होता. गुरुदास ऐकत होता. मागे थांबलेल्या एसटीतून दोघं-तिघं उतरली होती, तीही ऐकत होती. विल्सनने त्यांच्याकडे बघितलं नाही.

ब्रॅंडनने सांगितलं. मोठ्याने, अख्ख्या घाटाला ऐकू जाईल असं. विल्सन एकेका शब्दाला मान हलवत गेला. डोळ्यांत पाणी आलं ते त्याने तेलकट बाहीने पुसलं, त्यामुळे तोंड आणखी काळं झालं.

गुरुदासच्या व्हॅनमधून पाणी आणि फडकं आलं, जखमा बांधून झाल्या. ट्रकवाल्याच्या मदतीने विल्सनने हँडल सरळ केलं. इंजिन तोवर थंड झालं होतं. त्याने प्लग काढला. पांढरा, कच्च्या खोबऱ्यासारखा पांढराफटक. तो त्याने खिशात टाकला, दुसरा बसवला, सिलिंडरमध्ये प्लगच्या भोकातून थोडं ऑइल सोडलं आणि किक पायाने न मारता हाताने हळूच दाबली. अडकलं. परत दाबली. पिस्टन सुटलं. जुलियानाने श्वास सोडला.

गाडी चालू झाली, तोच सुका, वर लटकलेला आवाज. विल्सनने व्हॅनमधून स्क्रूड्रायव्हर आणला आणि बसला. सवयीने त्याची मान वाकडी झाली, डोळे अर्धे मिटले. सवयीनेच जुलियानाची बोटं शालीतला क्रूस शोधू लागली.

विल्सनने मान सरळ केली.

"गळ्याक हात लावू नको," तो म्हणाला. "सांग माका. तोंडान सांग."

जुलियानाने हात खाली घेतला. एसटीतली माणसं बघत होती. तिचा आवाज आधी फुटेना, मग फुटला तो चांगलाच फुटला.

"आवळ! अजून आवळ! अजून! हळू रे, हळू… थांब! थांब म्हणतंय ना!"

आवाज पायरी पायरीने उतरला आणि गुरगुरत जागेवर बसला.

"आता?"

"आता बरा आसा!"

विल्सनने गाडी बंद केली. मग तो ब्रॅंडनकडे वळला. "हो स्क्रू मी पुरतो आवळतंय. किती आटे जातत ते मोज, आणि तेवढेच परत सोडतंय." त्याने स्क्रू आवळला.

"दीड!" ब्रॅंडन ओरडला.

"दीड," विल्सन स्वतःशी म्हणाला. "दीड." त्याने स्क्रू दीड आटा परत सोडला.

ब्रॅंडनला गुरुदासच्या शेजारी बसवलं. कुडाळला डॉक्टरांना दाखवून घ्या, असं जुलियानाने चारदा बजावलं. बोटवाल्याला गुरुदास खाली रेंज आल्यावर फोन करणार होता. गाडी खाली न्यायची विल्सनने. आणि मागे कोण? जुलियानाने शालीची दोन्ही टोकं पाठीमागे नेऊन गाठ मारली, म्हणजे हात मोकळे राहिले, आणि ती त्याच्यामागे बसली.

"वयनी, तुमी व्हॅनीत येवा," गुरुदास म्हणाला.

"आणि आयकतलो कोण?" ती म्हणाली.

"आवाज सुको झालो तर पाठीत बुक्को घाल," विल्सन मागे न बघता म्हणाला. "जोरान घाल."

ते निघाले, अगदी सावकाश, रस्त्याच्या कडेने. व्हॅन मागोमाग. जुलियानाने एक तळवा त्याच्या पाठीवर सपाट टेकवला होता. पहिलं वळण आलं. विल्सनने मूठ सोडली. आवाज उतरला, बसला, गुरगुरू लागला. दुसरं वळण, तेच. तिसऱ्या वळणाला तिने त्याच्या पाठीत सणसणीत बुक्का घातला.

विल्सनने घाबरून गाडी कडेला घेतली, एका पायावर तोलून मागे वळला. "काय झाला? सुकी झाली?"

"गाडी बरी आसा," जुलियाना त्याच्या तोंडासमोर तोंड आणून, एकेक शब्द मोठ्याने म्हणाली. "कानाच्या डॉक्टराकडे कधी जातलंस, ता सांग."